सीलबंद डब्यात करडईच्या ऐवजी दुसरंच तेल निघालं, हा गुन्हा नेमका कोणत्या कायद्यात बसतो?

मोंढ्यातला_किराणा

नमस्कार. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. आमच्याकडं करडईचं तेल लई खपतं, जुने लोक दुसरं तेल घेतच नाहीत. संक्रांतीच्या आधी एका नामांकित कंपनीचे १५ किलोचे डबे होलसेलरकडून पक्क्या बिलावर घेतले, सगळे सीलबंद. आठ-दहा दिवसांनी गिऱ्हाईकं तक्रार करायलेत की तेल सकाळी गोठायलंय, तळाशी पांढरं बसायलंय. आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पण करडईचं तेल असं कधी गोठत नाही, हे घरातली म्हातारी माणसं सुद्धा सांगतील. मग राहिलेले डबे उजेडात नीट बघितले तर काही डब्यांच्या झाकणाची कडी आधी तुटलेली आणि परत चिकटवलेली दिसायलीय, आणि दोन डब्यांवर बॅच नंबर एकच पण छपाई वेगळी. म्हणजे कंपनीचा खरा डबा आणि आत कुणीतरी दुसरंच भरलंय.

कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला आमच्याकडून माल बरोबरच निघाला. होलसेलर म्हणतो मला जसा आला तसा दिला. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणले हे भेसळीचं आहे, अन्न औषधवाल्यांकडं जा. तिकडं फोन लावला तर नमुना घ्यायला येऊ म्हणले, कधी ते सांगितलं नाही.

माझा प्रश्न असा आहे की मुद्दाम सील फोडून माल बदलणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा कोणता? फक्त दंड होतो का जेल पण होते? आणि दुसरं, जे मला रात्री झोपू देत नाही ते हे की उद्या कुणी तक्रार केली तर पहिला आरोपी मीच होणार ना, कारण विकलं मी. गावात आमचं नाव आहे, लोक लेकराबाळांना ते तेल खाऊ घालतात. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

लातूर_कोर्ट_वकिली

दादा, आधी तुमची भीती. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६, कलम २६(४) बघा. होलसेलरनं तुम्हाला मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यावी लागते, आणि त्याच कलमात पुढं लिहिलंय की बिल, कॅश मेमो किंवा इनव्हॉईस हीच हमी धरली जाईल. म्हणजे तुमचं पक्कं बिल हा नुसता हिशोबाचा कागद नाही, ती त्याची हमी आहे. किरकोळ विक्रेत्याची जबाबदारी कलम २७ मध्ये ठरलेली आहे, मुदत संपलेला माल विकला, लेबल चुकीचं असलेला विकला, कुणाकडून घेतला ते सांगता आलं नाही, किंवा माल असुरक्षित आहे हे माहीत असून घेतला अशा गोष्टी त्यात येतात. शिवाय कलम ८० मध्ये, पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर बचाव मिळतो. पण हे सगळं आजपासून तुम्ही काय करता त्यावर आहे. शंका आल्यावर सुद्धा एक किलो जरी विकलं तर हा बचाव कमजोर होतो. डबे बाजूला काढा, वर 'विक्रीसाठी नाही' लिहा, फोटो काढा, आणि होलसेलरला, कंपनीला आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांना लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, रजिस्टर एडी किंवा ईमेल. फोनवरचं बोलणं नंतर कुणीच कबूल करत नाही.

आता शिक्षा. इथं लोकांचा मोठा गैरसमज आहे. भेसळ म्हणलं की जेल असं नाही. अन्न सुरक्षा कायद्यात 'असुरक्षित' अन्न आणि 'कमी दर्जाचं' अन्न असे वेगवेगळे खण आहेत. तुमच्या डब्यात स्वस्तातलं पण खाण्यालायक तेल निघालं तर ते बहुधा कमी दर्जाचं (कलम ५१, पाच लाखांपर्यंत दंड) किंवा खोट्या लेबलचं (कलम ५२, तीन लाखांपर्यंत दंड) धरलं जाईल. दोन्हीत जेल नाही, न्यायनिर्णय अधिकारी दंड ठोकतो आणि विषय संपतो. जेल आहे ती कलम ५९ ला, आणि तिथं शिक्षा ठरते माणसाला काय झालं त्यावर. कुणाला काहीच झालं नाही तर आता तीन महिन्यांपर्यंत आणि तीन लाखांपर्यंत दंड (आधी सहा महिने होते, २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं कमी केले), किरकोळ इजा झाली तर एक वर्षापर्यंत, गंभीर इजा झाली तर सहा वर्षांपर्यंत, आणि मृत्यू झाला तर कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान दहा लाख दंड.

म्हणून मुद्दाम सील फोडणाऱ्याला पकडायचं तर नुसत्या भेसळीच्या कायद्यावर थांबू नका. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०२. त्यात सरळ लिहिलंय की दुसऱ्याच्या मार्कचं पॅकिंग वापरून त्यात अस्सल माल सोडून दुसरा माल भरणं म्हणजे ट्रेडमार्क खोटा लावणं. तुमच्या डब्याची गोष्ट शब्दशः तीच आहे. कलम १०३ नं सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. दखलपात्र आहे, डीवायएसपी दर्जाचा अधिकारी विनावॉरंट झडती घेऊ शकतो, त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं एवढंच. त्याच्या जोडीला भारतीय न्याय संहिता कलम ३१८ फसवणूक, सात वर्षांपर्यंत, आणि कलम ३५०, माल भरलेल्या डब्यावर खोटी खूण करणं, तीन वर्षांपर्यंत. ठाण्यात परत जाल तेव्हा 'भेसळ' हा शब्द पहिला काढू नका, 'कंपनीचा डबा वापरून बनावट माल विकून माझी फसवणूक' असं लिहून द्या. तरी घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) १७३(४) खाली एसपींना पोस्टानं तक्रार, त्यानंही नाही हललं तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज.

तेलाची_लॅब

मी तेलाच्या तपासणीत बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगतो. थंडीत गोठणं ही चांगली शंका आहे पण पुरावा नाही. पामोलीन थंडीत गढूळ होतं, तळाशी बसतं, करडई तसं करत नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. प्रयोगशाळेत बघतात ती आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे तेलात असंपृक्त चरबी किती ते सांगणारा आकडा. साध्या करडईची १३५ च्या वर असते आणि पामोलीनची साठच्या आसपास, त्यामुळं त्यात पामोलीन ओतलं की आकडा धाडकन खाली येतो. लपत नाही. पण आकडा कितीही स्पष्ट असला तरी नमुना कुणी घेतला, कसा घेतला यावर केस उभी राहते. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो, एक विश्लेषकाकडं, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं, आणि चौथा तुम्ही मागणी केली तर तुमच्या खर्चानं मान्यताप्राप्त लॅबला. ही मागणी करा, तो तुमचा हक्क आहे आणि दुकानदार तो मागत नाहीत. विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत यायला पाहिजे, पटला नाही तर तीस दिवसांत अपील आहे.

अधिकारी येईपर्यंत न उघडलेल्या डब्याला हात लावू नका. झाकण कसं चिकटवलंय हे बघायच्या नादात लोक स्वतःच झाकण उघडतात आणि मग समोरचा वकील म्हणतो की सील तुम्हीच फोडलं, मग काय उत्तर देणार?

तुमच्या गिऱ्हाईकांपैकी कुणाला स्वतः तपासून घ्यायचं असेल तर कलम ४० खाली कुठलाही ग्राहक विश्लेषकाकडं नमुना देऊ शकतो, फी भरून. भेसळ निघाली तर फी परत मिळते. पण विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे.

संभाजीनगरहून

वरचं सगळं बरोबर आहे पण मला यात जास्त टोचतं ते वेगळं आहे. आपल्याकडं 'सील फोडून आतला माल बदलणं' हा असा स्वतंत्र गुन्हाच नाही. तेल असेल तर अन्नाचा कायदा, गोळ्या असतील तर १९४० चा औषधाचा कायदा, खत असेल तर खत नियंत्रण आदेश, आणि प्रत्येकात शिक्षा वेगळी. अमेरिकेत १९८२ ला शिकागोच्या भागात कुणीतरी दुकानातल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाईड घातलं, सात माणसं गेली. खून कुणी केले ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, कंपनीला पैसे मागणारं पत्र लिहिणाऱ्याला फक्त खंडणीची शिक्षा झाली. पण पुढच्याच वर्षी, १९८३ ला, त्यांनी ग्राहकाच्या वस्तूत छेडछाड करणं हाच केंद्रीय गुन्हा केला. माल कुठला ते बघत नाहीत, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा न करता वस्तूत किंवा तिच्या लेबलात, डब्यात छेडछाड केली की दहा वर्षांपर्यंत, गंभीर इजा झाली तर वीस, मृत्यू झाला तर जन्मठेप. धंद्याला नुकसान करायच्या हेतूनं माल खराब केला किंवा लेबल खोटं केलं तरी तीन वर्षांपर्यंत. नुसती खोटी आवई उठवली की अमक्या मालात विष आहे, तरी पाच वर्षांपर्यंत. आज औषधाच्या बाटलीच्या तोंडावर पातळ पापुद्रा असतो ना, तसं छेडछाड झाली तर दिसेल असं पॅकिंग तिकडं त्या प्रकरणानंतर दुकानात विनाचिठ्ठी मिळणाऱ्या औषधांना सक्तीचं झालं. ब्रिटननं १९८६ ला पब्लिक ऑर्डर कायद्यात असंच कलम घातलं. ऑस्ट्रेलियात २०१८ ला स्ट्रॉबेरीत सुया सापडल्या तेव्हा तिथल्या संसदेनं काही दिवसांतच शिक्षा दहावरून पंधरा वर्षांवर नेली.

आपल्याकडं विष घालून इजा करायचं कलम आहे, आधीचं भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) ३२८, आता न्याय संहितेचं १२३, दहा वर्षांपर्यंत. पण त्यात इजा करायचा हेतू किंवा इजा होईल ही जाणीव सिद्ध करावी लागते. तेलवाल्याचा हेतू पैशाचा, तो म्हणणार मला कुणाला मारायचं नव्हतं. आणि नुसत्या भेसळीचं कलम (आधीचं २७२, आता २७४) तर सहा महिने आणि पाच हजार दंड. लाखांच्या धंद्याला पाच हजार! हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लातूर_कोर्ट_वकिली

त्यात अजून एक गाठ आहे. ते भेसळीचं कलम आता अन्नाच्या केसमध्ये जवळपास चालतच नाही. फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ लागतं तिथं भादंवि २७२-२७३ लागणार नाही, कारण कलम ८९ नं त्या विशेष कायद्याला वरचढ ठेवलंय. आपल्या औरंगाबाद खंडपीठाच्या गुटख्याच्या खटल्यांतून गेलेल्या प्रकरणात २०१८ ला सुप्रीम कोर्टानंच दोन्ही कायद्यांखाली खटला चालवायला हरकत नाही म्हणलं होतं. २०२४ च्या निकालात ते आधीचं प्रकरण वेगळ्या कलमाचं होतं असं स्पष्ट केलंय. २०२४ ला प्रश्न फक्त २७२-२७३ चा होता, फसवणूक आणि ट्रेडमार्कचा नव्हता. म्हणून मी तीच कलमं सांगतोय.

जालन्याचा_शेतकरी

तेलावर एवढं तरी आहे. बियाण्याचं बघा. बियाणे कायदा १९६६, पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. पाचशे. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत जेल आणि हजारापर्यंत दंड. एका बॅगेत दुसरंच बी भरलं की आमचा अख्खा हंगाम जातो, पेरणी, खत, मजुरी सगळं मातीत. खताला जीवनावश्यक वस्तू कायदा लागतो म्हणून तिथं सात वर्षांपर्यंत जेल होते, मग तीच धाक बियाण्याला का नाही? वकील साहेब, बॅग पण कंपनीचीच असते, मग ते ट्रेडमार्कचं कलम आम्हाला पण लागेल का?

लातूर_कोर्ट_वकिली

हो मामा, लागेल. कलम १०२ मध्ये कुठला माल ते लिहिलेलं नाही. बॅग, टॅग, बिल आणि थोडं बी राखून ठेवा, सगळं बी पेरून टाकलं की दाखवायला काही उरत नाही. आणि कृषी अधिकाऱ्याकडून पंचनामा उगवण फसल्याबरोबर करून घ्या.

मोंढ्यातला_किराणा

सगळ्यांचे खूप आभार. डबे वेगळ्या खोलीत ठेवले, कुलूप लावलं. बिलावर बॅच नंबर नाहीये पण ट्रान्सपोर्टची पावती आहे, त्यावर तारीख आणि डब्यांची संख्या आहे. ज्यांना ज्यांना तेल दिलं त्यातल्या उधारीच्या गिऱ्हाईकांची नावं वहीत आहेत, त्यांना बोलावून पैसे परत द्यायला सुरू केलंय. काही जण म्हणले आम्ही ग्राहक आयोगात जाऊ का, मी म्हणलं जा, मी साक्ष देतो. मी पण जाऊ शकतो का तिथं?

लातूर_कोर्ट_वकिली

तुम्ही नाही, तुम्ही विक्रीसाठी माल घेतला म्हणून २०१९ च्या ग्राहक कायद्यात ग्राहक ठरत नाही. गिऱ्हाईकं जाऊ शकतात, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर पण द्या. पैसे परत देताना प्रत्येकाकडून सही घ्या आणि त्यांच्याकडं उरलेलं तेल कशात आहे ते लिहून ठेवा. कंपनीला मात्र आजच पत्र टाका, बनावट डब्यांमुळं त्यांचंही नाव जातंय, ट्रेडमार्कची तक्रार त्यांनी केली तर पोलीस लवकर हलतात.

तेलाची_लॅब

आणि परत आलेलं उघडं तेल एकत्र करू नका. ज्याचं त्याचं भांडं वेगळं, वर नाव आणि तारीख. उघड्या तेलाला सीलबंद डब्याइतकं वजन नाही, तरी चौकशीत ते कामाला येतं.