स्पॅनिशमधल्या 'या'चा नेमका अर्थ काय?

हळकुंड:
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. मेक्सिकोचं गिऱ्हाईक जोडलं गेल्यापासून जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर स्पॅनिश शिकतेय, आठ महिने झाले. 'या' म्हणजे 'आधीच' असं पाठ केलं होतं. मंगळवारी त्यांचा निरोप आला, 'या ते मांदो एल पागो'. मी मालकांना सांगितलं, पैसे पाठवलेत. हमाल लागले, निम्मी गाडी भरली आणि खात्यात बघतो तर जमा काहीच नाही. गाडी थांबवावी लागली. गिऱ्हाईक खोटं बोललं का माझं चुकलं? 'या वॉय', 'या नो' हेही त्यांच्या बोलण्यात सारखं असतं.

अजिंक्यतारा:
ताई, ते खोटं बोललेले नाहीत. 'या'चा अर्थ शेजारच्या क्रियापदावरून लावायचा. 'मांदो' म्हणजे पाठवतो. 'मांदे' म्हणजे पाठवलं, त्यात जोर 'दे'वर, आणि लिहिताना त्या अक्षरावर तिरकी रेघ. म्हणून 'या ते मांदो' म्हणजे 'पाठवतोच' आणि 'या ते मांदे' म्हणजे 'पाठवले की'. तुमच्या निरोपात पैसे अजून निघायचे होते.

मी तीन वर्षं मेक्सिकोत पुएब्लाला कारखान्यात होतो. घरमालकीणबाई खालून हाक मारायच्या, मी वरून 'या वॉय' म्हणायचो. शब्द 'जातो'चा, पण भाव आपल्या 'आलो, आलो'चा. आपणही जिना उतरायच्या आधीच 'आलो' म्हणतो ना? त्यामुळे मला हा शब्द कधी परका वाटला नाही.

'या नो' मात्र नीट लक्षात ठेवा. 'या नो फूमो' म्हणजे पूर्वी सिगारेट ओढायचो, आता नाही. 'अजून नाही' म्हणायचं असेल तर 'तोदाविआ नो'. माल 'अजून नको' आणि 'आता नकोच' यात तुमच्या धंद्यात केवढा फरक!

कृष्णाकाठ:
माझी लेक अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला असते. तिथे हाच शब्द 'शा' असा ऐकू येतो. नातू हाकेला ओ देईना की ती 'वेनी शा!' म्हणते, म्हणजे आत्ताच्या आत्ता ये. हुकूम करताना शब्द शेवटी आला की असा ताबडतोबीचा अर्थ होतो. आणि नुसतं 'या?' असं विचारलं तर 'झालं का?'

हळकुंड:
दादा, निरोप परत उघडून बघितला, 'मांदो'च आहे. पैसे गुरुवारी जमा झाले. मालकांना दोन्ही वाक्यं कागदावर लिहून दाखवली, तो कागद आता गल्ल्याजवळ चिकटवलाय. नमुन्याचं पाकीट कुरिअरने पाठवलं होतं, त्यावर आज उत्तर आलंय, 'या लो रेसिबी'. 'बी'वर रेघ आहे. मिळालं ना?

अजिंक्यतारा:
हो ताई, मिळालं.