मदत हवी आहे: समीक्षकांनी बरे गुण दिले, मग खेळाडू इतके का चिडले?

अर्धविराम
मार्व्हल कॉमिक्स आणि खेळ बनवणारी कंपनी कॅपकॉम यांच्या पात्रांच्या एकत्रित लढतींच्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' या व्हिडिओ गेमचे समीक्षकांनी कसे स्वागत केले, यावर मला लेख द्यायचा आहे आणि मुदत उद्याची आहे. समीक्षा वाचाव्यात तर गुण शंभरपैकी सत्तरीच्या घरात दिसतात, आणि खेळाडूंच्या चर्चा वाचाव्यात तर खेळ पूर्ण फसल्याचा सूर लागलेला असतो. यांपैकी खरे काय मानायचे? कृपया थेट उत्तर द्यावे, 'स्वतः खेळून पाहा' हा सल्ला नको.

तिसरा गडी
कोणता खेळ ते आधी सांगा. सन 2000 मधला 56 पात्रांचा दुसरा भाग, 2011 मधला तिसरा भाग, त्याच वर्षी आलेली त्याची 'अल्टिमेट' आवृत्ती आणि 2017 मधला 'इन्फिनिट' या सर्वांचे स्वागत वेगवेगळे झाले आहे.

अर्धविराम
'इन्फिनिट'च, हे उघड आहे. बाकीच्यांना फसलेले कोण म्हणेल?

चौकटीबाहेर
ते तितकेसे उघड नाही, कारण तिसऱ्या भागानंतर अवघ्या काही महिन्यांत 'अल्टिमेट' आली तेव्हाही लोक पुष्कळ भडकले होते. असो. माझे मत स्पष्ट आहे: 'इन्फिनिट' एक्स-मेन (मार्व्हलचा उत्परिवर्ती नायकांचा गट आणि त्यांचे शत्रू) नसल्यामुळे बुडाला. वुल्व्हरिन, मॅग्नेटो आणि स्टॉर्म या मालिकेचा कणा होते. त्यातच कॅपकॉमच्या एका प्रतिनिधीने मुलाखतीत, पात्रे म्हणजे शेवटी 'फंक्शन्स' (लढतीत बजावायची कामे) असतात, अशा आशयाचे विधान केले. ज्या चाहत्याने वर्षानुवर्षे मॅग्नेटोचा सराव केला, त्याला हे कसे रुचावे?

तिसरा गडी
एवढ्यावर निकाल लावता येणार नाही. एक्स-मेन नव्हते हे खरे, पण समीक्षकांचा मुख्य आक्षेप मांडणीवर होता. जून 2017 मध्ये कथेचा डेमो (खेळाचा नमुना भाग) आला, त्यातल्या चुन-ली या कॅपकॉमच्या लढवय्यीच्या चेहऱ्याची यथेच्छ थट्टा झाली आणि प्रकाशनापूर्वी तो चेहरा बदलावा लागला. कथाभागात मार्व्हलचा खलनायक अल्ट्रॉन आणि कॅपकॉमचा खलनायक सिग्मा एक होतात. कल्पना वाईट नाही, पण संवाद आणि दृश्ये अनेकांना निर्जीव वाटली. आर्केड प्रकारात (एकामागून एक लढती जिंकत जाण्याचा प्रकार) प्रत्येक पात्राचा स्वतंत्र शेवटही नव्हता. शिवाय ब्लॅक पँथर आणि मॉन्स्टर हंटर ही पात्रे कथेत वावरतात, पण त्यांना घेऊन लढायचे असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात. ही बाब मला स्वतःला चेहऱ्यांपेक्षा जास्त खटकली.

लाकडी हँडल
लेखकमहाशय, आपण गेमपॅड (हातात धरायचा नियंत्रक) वापरता की आर्केड स्टिक (दांडा आणि मोठी बटणे असलेला नियंत्रक)? 'इन्फिनिट'मध्ये प्रत्येक पात्राला दोन ठोसे आणि दोन लाथा अशी चारच मुख्य बटणे असल्यामुळे पॅडही पुरतो, तरी स्टिकवर हात बसल्याशिवाय या खेळाबद्दल मत बनवू नये.

अर्धविराम
मी हे विचारलेले नाही. माझा प्रश्न स्वागताबद्दल आहे.

चौकटीबाहेर
आपण समीक्षा कोणत्या वाचल्या? सर्वसाधारण खेळांवर लिहिणाऱ्यांच्या की स्पर्धात्मक खेळाडूंच्या? हे सांगितल्याशिवाय उत्तर कसे द्यायचे?

अर्धविराम
मोठ्या संकेतस्थळांवरच्या, खेळ आला त्या सप्टेंबर महिन्यातल्या. त्यांत लढतींची स्तुती आणि रूपावर टीका एकाच लेखात येते, आणि तिथेच माझा गोंधळ होतो.

तिसरा गडी
मग त्या लेखांत दोन समीक्षा एकत्र बांधलेल्या आहेत असे समजून वाचा. लढतीची यंत्रणा अनेकांना मनापासून आवडली होती. तीनास तीनऐवजी दोनास दोन गडी आले, पण त्या बदल्यात हल्ला अर्धवट असतानाच साथीदाराला आत बोलावता येऊ लागले. आधीचा गडी आपली चाल पूर्ण करतो आणि तेवढ्यात नव्याने दुसरी सुरू केलेली असते. सोबत मार्व्हलच्या कथांतली सहा शक्तिरत्ने, म्हणजे इन्फिनिटी स्टोन. स्पेस स्टोनची पूर्ण शक्ती वापरली की प्रतिस्पर्धी एका चौकटीत कोंडला जातो आणि त्या वेळी त्याची हालचाल पाहण्यासारखी असते. सोल स्टोनने बाद झालेला साथीदार परत येतो आणि काही काळ दोघे एकदम लढतात. हे सारे स्तुत्यच होते. गुण कापले गेले ते भोवतालच्या ऐवजावर. सत्तरीचा आकडा ही त्या दोहोंची बेरीज-वजाबाकी आहे. त्यावरून यंत्रणा मध्यम होती असे लिहिलेत तर ते चुकीचे ठरेल.

चौकटीबाहेर
यंत्रणा इतकी उत्तम होती, तर इव्हो या लढतींच्या खेळांच्या मोठ्या वार्षिक स्पर्धेच्या 2018 च्या मुख्य यादीत हा खेळ का नव्हता?

तिसरा गडी
कारण जानेवारी 2018 मध्ये 'ड्रॅगन बॉल फायटरझी' आला. संघाने लढण्याचाच प्रकार, पण रूप असे की मूळ चित्रमालिकाच हलताना दिसावी. शेजारी तो उभा राहिल्यावर 'इन्फिनिट'चे रूप आणखीच फिके पडले. खुद्द कॅपकॉमच्या विक्रीच्या अपेक्षाही पूर्ण झाल्या नाहीत. मात्र यात यंत्रणेचा दोष कुठे आहे?

चौकटीबाहेर
ज्या यंत्रणेसाठी लोक थांबत नाहीत, तिची स्तुती मला कागदी वाटते. आपले मत आपल्यापाशी.

लाकडी हँडल
चाहत्यांनी पुढे मोड (खेळाच्या फायलींत केलेले बदल) काढून खेळाचे रूपच पालटले, तेही लेखात घ्यावे. रंगछटा कॉमिकसारख्या केल्या तेव्हा कित्येकांनी याच लढती नव्याने उचलून धरल्या. तो मोडही स्टिकवरच खेळावा, हे सांगणे न लगे.

अर्धविराम
हे उपयोगी आहे. एकच राहिले: चुन-लीच्या चेहऱ्यावरची टीका अंतिम खेळाच्या समीक्षेत धरावी का?

तिसरा गडी
धरू नये. ती डेमोवरची टीका आहे, म्हणून प्रकाशनापूर्वीच्या वातावरणाच्या परिच्छेदात घ्यावी. सप्टेंबरनंतरच्या समीक्षेत रूपाबद्दल काही असेल, तर कोणत्या पात्राबद्दल आहे ते तपासून मगच उद्धृत करावे.