सातबारा ज्याचा, हप्ता त्याचा

शेतीचं सरकारी अनुदान बड्या बागायतदारांच्याच घशात जातं, असं म्हणतात. ठिबक सिंचनाच्या बाबतीत पटतं. आधी पदरचा पैसा घालायचा, अनुदान मागाहून. पण पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० लहान शेतकऱ्यालाही मिळतात. मेख आहे ती सातबाऱ्यात: जमीन ज्याच्या नावावर, पैसा त्यालाच.

आमच्या सांगोल्याकडे दुसऱ्याची जमीन खंडाने घेऊन डाळिंब करणारा बघा. डाळिंबावर तेल्या रोग आला की पहाटे पाठीवर पंप घेऊन फवारणार तो, दुकानात औषधाची उधारी त्याच्या नावावर, आणि हप्ता पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात! पीकविमा खंडकऱ्याला घेता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो करून देतो कोण? कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या धास्तीनं सगळा व्यवहार तोंडीच. हा माणूस कुठल्याच यादीत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.