मदत हवी आहे: डिप्रेशन की बायपोलर, हे एमआरआयमध्ये दिसतं का?

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरातून लिहितेय. धाकट्या भावाला दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. यंदा गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत मात्र चार-पाच रात्री झोप नाही, बोलणं थांबेना, उधारीवर चादरींचे गठ्ठे आणून ठेवले. म्हणे एक्स्पोर्ट करणार! आम्हाला वाटलं, पोरगं सुधारलं. (आईने सिद्धेश्वराला नारळसुद्धा फोडला.) डॉक्टर म्हणाले, हे बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी असा अतिउत्साह. आता लिथियमच्या गोळ्या, आणि ठराविक दिवसांनी रक्ततपासणी.

मामांचा हट्ट, मेंदूचा फोटो काढा, सोक्षमोक्ष लागेल. मी वाचलं ते असं: मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग, अमिग्डला, आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांचा मेळ दोन्ही आजारांत बिघडलेला आढळतो. फंक्शनल एमआरआयच्या (मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) अभ्यासांत दोन गटांच्या सरासरीत फरकही दिसतो, पण एकट्या माणसाचं निदान त्यावरून करत नाहीत. ते लक्षणं आणि आधीचा इतिहास विचारूनच. साधा एमआरआय सांगतात तो गाठबीठ नाही ना, हे बघायला. हे मामांना सोप्या भाषेत कसं पटवू?

आणि कुणाच्या घरी लिथियम चालू आहे का? घाम फार गेला की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पाणी-मिठाचं कसं सांभाळता? गोळ्या बदलायचे सल्ले नकोत, ते डॉक्टर बघतील.