सोसायटी ग्रुपवरची चर्चा: लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, आतल्या फायली कशा काढायच्या?

वैशाली (बी-२०३): सगळ्यांना नमस्कार. यांचा जुना लॅपटॉप परवापासून सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच येतं. दुकानात दाखवला तर म्हणाले, हार्ड डिस्क गेली, नवीन टाकून देतो, जुना डेटा विसरा. लॅपटॉपचं काही नाही हो. पण त्यात आमच्या आक्कांच्या आवाजातली कानबाई देवीची गाणी आहेत, अहिराणीतली. २०१५ मध्ये मोबाइलवर भरून घेतली होती. आक्का आता नाहीत. कानबाई बसते तो श्रावण तोंडावर आलाय, जीव नुसता कासावीस होतोय. डिस्क काढून घरी आणली आहे. कोणाला काही माहिती असेल तर कृपया सांगा.

महाजन काका (ए-१०१): काळजी नको करू बेटी, अजून काही गयेल नही. योगेश बघेल. योगेश, मेसेज वाचला का?

रवी (ए-३०४): वहिनी, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि चेकडिस्क चालवा. माझ्या पेनड्राइव्हचं असंच झालं होतं, दहा मिनिटांत नीट झाला.

रेखाताई (सी-२०२): प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालते म्हणे. मी व्हिडिओ पाहिला होता.

योगेश (सी-१०४): आत्ताच कॉलेजातून आलो. वैशाली वहिनी, आधी एकच काम करा. डिस्कला कुठेही वीज देऊ नका. टेबलावर ठेवा, हलवू नका. बाकी सविस्तर लिहितो.

योगेश (सी-१०४): रवीभाऊ, पेनड्राइव्हला चाललं ते इथे नको. चेकडिस्कचं काम डिस्कवरची नोंदवही जुळवणं हे आहे, तुमची फाइल वाचवणं नाही. नोंदी जुळल्या नाहीत तर ते त्या खोडतं, किंवा तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कवर ते उलट लिहायला बसतं. आणि बॅड सेक्टर, म्हणजे बिघडलेल्या जागा, शोधायला सांगितलं तर पूर्ण डिस्क वाचून काढतं. जी डिस्क अजून दोन तास चालली असती, तिचे ते दोन तास आपण तपासणीत घालवायचे का?

रेखाताई, फ्रीजरचं तर अजिबात नको. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी सुटतं. त्यात सध्या पावसाळी दमट हवा. आतल्या चकतीपासून वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. आपला केससुद्धा त्याच्या हजारो पट जाड. तिथे दमटपणाचा एक डाग पडला तरी काम संपलं.

रेखाताई (सी-२०२): बरं झालं विचारलं. लॅपटॉप चालू असताना मुलं तो उचलून नेतात, तेही मग वाईटच की?

योगेश (सी-१०४): जुन्या फिरत्या डिस्कच्या लॅपटॉपला वाईटच ताई. त्या चकत्या बहुतेक मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरत असतात. एसएसडी असेल तर फिरणारं काही नसतं, तिला या हादऱ्यांची भीती नाही. पण एसएसडीचं दुखणं वेगळं. ती बऱ्याचदा आवाज न करता एका क्षणात जाते, आणि खोडलेली फाइल तिच्यातून परत मिळणं फार अवघड. ट्रिम नावाची सोय रिकाम्या झालेल्या जागा आपोआप साफ करून टाकते.

वहिनी, तीन गोष्टी विचारतो. लॅपटॉप बंद पडायच्या आधी फार हळू चालत होता का? टक-टक असा ठरावीक आवाज येत होता का? आणि कुठे पडला होता का?

वैशाली (बी-२०३): पडला नाही. टक-टक नाही. पण महिनाभर फार रखडत होता, एक फोटो उघडायला चहा होऊन जायचा. दुकानात दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तेव्हा 'ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असं आलं. त्यांनी केलं नाही असं म्हणाले.

योगेश (सी-१०४): केलं नसेल तर आशा आहे. तो प्रश्न आला की सगळ्यांनी 'कॅन्सल'च दाबायचं. विंडोजला फक्त नोंदवही वाचता येत नाहीये. फायली जागेवर असू शकतात. आणि रखडणं म्हणजे बहुधा बॅड सेक्टर. डिस्क एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते, त्यात वेळ जातो.

टक-टक नाही ही मोठी गोष्ट आहे. तो आवाज असता तर मी घरी हातच लावला नसता.

अजून एक. लॅपटॉपला मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन होतं का? हल्लीच्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, आपोआप बंद केलेली असते. मग ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती त्या खात्यात साठवलेली असते. नसली तर फायली वाचूनही उघडणार नाहीत.

वैशाली (बी-२०३): नाही, विंडोज ७ चा आहे, साधा पासवर्ड होता.

योगेश (सी-१०४): मग अडचण नाही, त्या पासवर्डने फायली बंद होत नाहीत. आता पद्धत सांगतो, म्हणजे तुम्हालाही कळेल आपण काय करतोय.

खराब डिस्कवरून एकेक फोल्डर कॉपी-पेस्ट करायचं नाही. विंडोज एका बिघडलेल्या जागेवर अडकून बसतं आणि तेवढ्यात डिस्क दम सोडते. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घ्यायची, मग जे काही उद्योग करायचे ते त्या प्रतीवर. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. विंडोजऐवजी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून ते चालवायचं. ते आधी सोपा भाग भराभर उचलतं, जिथे अडतं ती जागा सोडून पुढे जातं, आणि शेवटी सोडलेल्या जागांकडे परत येतं. कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. निरोगी ५०० जीबीची डिस्क दीड-दोन तासांत उतरते. आजारी असेल तर दिवसही लागू शकतात, म्हणून घाई करायची नाही.

लागेल काय? मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क. आणि काढलेली डिस्क यूएसबीला जोडायची साटा टू यूएसबी केबल. ती गोलाणी मार्केटला मिळेल, यूएसबी ३ ची घ्या. लॅपटॉपची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, पण पोर्ट कमजोर असेल तर चांगली डिस्कसुद्धा टकटक करायला लागते आणि माणूस उगाच घाबरतो.

महाजन काका (ए-१०१): आमच्याकडे मुलाची १ टीबीची डिस्क रिकामी आहे. कधीही घेऊन जा.

नितीन (बी-४०२): पण तोवर हातावर हात धरून बसायचं का? वैशालीताई, गाणी कोणाला पाठवली होती का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल समोरच्याच्या मोबाइलमध्ये उतरलेली असेल तर तिथेच राहते, आपल्याकडून गेली तरी. जुन्या मोबाइलचं मेमरी कार्डही शोधा. आणि दहावी-बारावीच्या मार्कशीट, सातबारा असलं काही अडकलं असेल तर त्याचा घोर सोडा. मार्कशीट डिजिलॉकरवर मिळतात, सातबारा महाभूलेखवर. जे सरकारकडे आहे ते परत मिळतं. आक्कांचा आवाज मिळणार नाही, सगळी ताकद तिथे लावा.

वैशाली (बी-२०३): नितीनभाऊ, हे सुचलंच नव्हतं. सुरतेला भाचा आहे, त्याला दोन-तीन गाणी पाठवल्याचं आठवतंय. आजच फोन करते.

योगेश (सी-१०४): फार चांगलं सुचवलं नितीन. वहिनी, भाच्याला सांगा मोबाइल साफ करू नको, आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव.

---

योगेश (सी-१०४): सगळ्यांसाठी कळवतो. काकांची डिस्क घेतली, काल संध्याकाळी प्रत घ्यायला सुरुवात केली. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नाव आणि क्षमता बरोबर दिसते का पाहिलं. ती चुकीची दिसली असती तर तिथेच थांबलो असतो. सुरुवातीचा भाग फार अडखळला, पुढे सरळ गेलं. रात्री लाइट गेली, पण लॅपटॉप बॅटरीवर असल्याने काम चालूच राहिलं. ९९ टक्क्यांहून जास्त उतरलं आहे. नोंदवही होती तोच भाग बिघडला होता, म्हणून विंडोजला काही दिसत नव्हतं.

वैशाली (बी-२०३): गाणी?

योगेश (सी-१०४): प्रतीवर टेस्टडिस्क नावाचं फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं तर फोल्डर नावानिशी दिसले. 'आक्का' फोल्डर आहे. बाकीची गाणी पूर्ण वाजतात, एक मध्येच तुटतं, आणि एका फाइलचं नाव गेलं होतं, ती फोटोरेकने काढली. ते फाइलची सुरुवातीची खूण ओळखून शोधतं. त्यामुळे आवाज मिळतो पण नाव-तारीख मिळत नाही. ती ऐकून नाव तुम्हीच द्या.

वैशाली (बी-२०३): मला काही लिहिताच येत नाहीये भाऊ. जे तुटलंय तेच गाणं भाच्याकडे पूर्ण आहे. आत्ताच आलं.

महाजन काका (ए-१०१): वैशाली, गाण्याचे शब्दही वहीत उतरवून घे. आक्का म्हणायच्या त्यातल्या कितीतरी ओळी आता आमच्या गल्लीतसुद्धा कोणाला येत नाहीत. मी आणि काकू बसू तुझ्याजवळ. कोणती ओळ कानबाईला आणताना म्हणायची, कोणती विसर्जनाला, तेही लिहू.

योगेश (सी-१०४): आणि गाणी तीन ठिकाणी ठेवा. एक घरच्या नव्या डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर किंवा सुरतेला. सगळ्या प्रती एकाच कपाटात नकोत.

रवी (ए-३०४): योगेश, मग माझी पण ऐक. एक जुनी डिस्क पडून आहे. पप्पांच्या केळीच्या बागेचे फोटो आणि आमच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात आहे. लावली की टक, टक, टक करते आणि बंद होते. यावर पण हीच प्रत चालेल का?

योगेश (सी-१०४): नाही रवीभाऊ. पोर्ट आणि केबल बदलून एकदा पाहिलं असेल तर आता परत लावू नका. हेडला चकतीवरचं काही वाचता येत नसलं की ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतं, तोच तो आवाज. हेड मोडलं असेल तर प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडा पडू शकतो, आणि जिथे ओरखडा तिथला डेटा कोणालाच आणता येत नाही. झाकण कोणालाही उघडू देऊ नका. हे काम धूळमुक्त खोलीत होतं, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवतात. कोणी म्हणेल खालचं हिरवं सर्किट बदलून देतो, त्यालाही नाही म्हणा. त्या सर्किटवरच्या चिपमध्ये बऱ्याचदा त्याच डिस्कची खास माहिती असते, नुसतं बदलून भागत नाही.

पुण्या-मुंबईत अशा लॅब आहेत. खर्च हजारांत जातो, म्हणून आधी लेखी विचारा: तपासणीचे किती, डेटा मिळाला नाही तर पैसे घेणार का, कोणत्या फायली मिळाल्या ते पैसे भरण्याआधी दाखवणार का, आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसणार का. घरचे फोटो आहेत, हे विचारायला संकोच करू नका.

रवी (ए-३०४): कुरिअरने पाठवू?

नितीन (बी-४०२): शनिवारी मी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला चाललोय. हातानेच नेतो. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून फोमच्या डब्यात बांधून दे, आणि लॅबचा पत्ता शुक्रवारपर्यंत पाठव.

रवी (ए-३०४): डबा आजच आणतो भाऊ.