‘टिपणे’ की ‘काढणे’? रोजच्या फोटोंसाठी साधा मराठी शब्द हवा

वाडीतला

आमच्या गिरगावातल्या वाडीत यंदा गणपतीत फोटोंची स्पर्धा ठेवली आहे. अट एकच, फोटो वाडीच्या आतला हवा. सी-लिंक नको, राजाबाई टॉवर नको, मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त तर मुळीच नको. फलकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडला, कारण मी ‘मराठीवाला’. मंडळाने दिलेला कच्चा मजकूर असा : ‘दैनंदिन परिसरातून छायाचित्रणाच्या प्रेरणेचा शोध’. समोरच्या खोलीतल्या आजींनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, “काय हरवलंय रे?”

आजींचं बरोबर आहे. जिना, नळ, वाळत घातलेल्या चादरी हे सगळं डोळ्यांसमोरच आहे, त्याचा शोध कसला? ‘प्रेरणा’ आणि ‘स्फूर्ती’ हे दोन्ही शब्द सत्काराची शाल पांघरून आल्यासारखे वाटतात. घरात बोलतो तसा शब्द सुचवा. तीन आठवडे आहेत.

शाईपेन

नामाच्या मागे लागलात की अडकणार. ही गोष्ट मराठीत क्रियापदांत राहते. कविता सुचते, चाल सुचते, उत्तर सुचतं. फोटो मात्र ‘सुचला’ असं कोणी म्हणत नाही, फोटो ‘दिसतो’. “काल दादरच्या पुलावर काय फोटो दिसला, पण मोबाइल पिशवीच्या तळाशी!” हे वाक्य आपण सगळेच बोलतो. म्हणजे काढायच्या आधीपासून फोटो तिथे होता. शिवाय ‘मी पाहिला’ नाही, ‘मला दिसला’. मी त्यात कर्ता नाहीच. पाहणं आपल्या हातात असतं, दिसणं नसतं. तुमच्या मंडळाची ‘प्रेरणा’ या ‘मला’मध्ये बसते.

घाटावरचा

आम्ही ‘फोटो काढणे’वाले. मुंबईची पोरं हल्ली ‘फोटो खेच ना’ म्हणतात ते हिंदीतून आलं, आणि ‘सेल्फी मारणे’ तर कानावर मारल्यासारखंच वाटतं. काढणे किती छान आहे बघा. विहिरीतून पाणी काढतात, म्हशीचं दूध काढतात, पायातला काटा काढतात. आत होतं ते बाहेर आणलं. चित्रही काढतातच. अजून काय पाहिजे?

चौथी सीट

काढणेला विरोध नाही, पण त्यावर फलक होत नाही. ‘वाडीत काढलेले फोटो’ वाचून लोक पासपोर्ट साइज घेऊन येतील.

माझं मत ‘टिपणे’. कोश उघडायच्या आधी घरात ऐकलेलं सांगते. कोंबडी दाणे टिपते. आई पदराने डोळे टिपते. शाळेत सांडलेली शाई टीपकागदाने टिपायचो. वडील फोनवर बोलता बोलता वर्तमानपत्राच्या कडेला नंबर टिपून घ्यायचे, त्यातूनच टिपण. शिकारी सावज टिपतो. आणि आपण क्षण टिपतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जे टिपायचं ते लहान असतं, आणि ते तेवढ्यात उचलावं लागतं. ढीग कोणी टिपत नाही, ढीग उपसतात.

चिमणी दाण्यांच्या ‘शोधात’ महाबळेश्वरला जात नाही. अंगणात जे पडलंय ते टिपते. तुमची अट तीच ना?

शिवाजी पार्क कट्टा

क्रिकेट राहिलंच की! ‘झेल टिपला’, ‘पाच बळी टिपले’. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर हे क्रियापद वर्षानुवर्षं बिनपगारी राबतंय.

आणि उपमा चांगली आहे. स्लिपमधला खेळाडू दिवसभर उभा असतो, प्रत्येक चेंडूला वाकतो. झेल येतो दोनदा. तो झेल शोधायला कुठे जात नाही, पण तिथे नसला तर काही खरं नाही. वाडीतल्यांना सांगा, रोज त्याच जिन्यात वाका.

शाईपेन

टिपणेबद्दल एक कुरकुर. ‘छायाचित्रकाराने अचूक टिपलेला क्षण’ ही ओळ इतक्या फोटोंखाली छापून आली आहे की शब्दाची धार गेली. पाऊस पडला की मरीन ड्राइव्हची लाट, मुलं, छत्री, आणि खाली ‘टिपलेला क्षण’. ती लाट दर पावसाळ्यात टिपता येते, त्यात अचूक काय?

दुसरं, शिकारीचा अर्थ तुम्ही हसत हसत घेतलात, पण फोटोत तो खरंच येतो. फुटपाथवर झोपलेला माणूस टिपला, तर दाणा टिपला की सावज?

चौथी सीट

हा मुद्दा मला लागला, म्हणून थोडं लांबलचक.

मी रोज लोकलच्या लेडीज डब्यात असते. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून जाताना समोरचंच दिसत राहतं. एक बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. जाळीच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट त्यांच्या बोटांवर. मी विचारलं, “ताई, हातांचा फोटो काढू?” त्या म्हणाल्या, “काढ, पण नखं बघ कशी झाल्येत.” काढला, दाखवला. त्यांनी तो बहिणीला पाठवायला सांगितला. आता हे टिपणं होतं का? मला वाटतं, विचारलं त्या क्षणी शिकारी बाजूला झाला आणि टिपण लिहिणारा आला. एकाच शब्दात दोन्ही माणसं बसलेली आहेत, कोणाला पुढे करायचं ते आपण ठरवायचं. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन येऊन. एका फेरीत टिपण्याचं ते काम नव्हे.

आणि हो, त्या बाईंनी मला दुसरा शब्द दिला : निवडणे. भाजी निवडतात, तांदूळ निवडतात, उमेदवार निवडतात. तांदूळ निवडताना आपण तांदूळ उचलत नाही, खडे उचलतो. फोटोतही तेच. वाडीच्या गॅलरीत दोरी, पाण्याचा ड्रम, सायकल, डिश टीव्हीची वायर, कुंडी, कोणाचा तरी हेल्मेट घातलेला गणपती. यातून काय चौकटीबाहेर ठेवायचं ते ठरलं की उरलेला फोटो आपोआप दिसतो. एक पाऊल डावीकडे सरकलं की ड्रम गेला. खाली वाकलं की वायर गेली.

घाटावरचा

‘तांदूळ निवडताना खडे उचलतो.’ हे मी चोरणार.

खोली नं. १७

थोडं अवांतर, पण शब्दाचंच आहे. कॅमेरा हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ ‘खोली’. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली. भिंतीला बारीक भोक, बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं. आम्ही १० बाय १२च्या कॅमेऱ्यात सात जण राहिलो हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

याचं घरगुती रूप म्हणजे आपला कवडसा. आमच्या जिन्यावरच्या पत्र्याला खिळ्याची भोकं होती. भोक वेडंवाकडं असलं तरी पायरीवर पडणारा कवडसा गोलच. लहानपणी याचं कोडं पडायचं. उत्तर असं की तो भोकाचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. खातरजमा २६ डिसेंबर २०१९ला झाली. त्या सकाळी मुंबईत खंडग्रास सूर्यग्रहण होतं, आणि जिन्यातला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. पायऱ्यांवर शेकडो कोरी. लोक वर बघायला चष्मे शोधत होते, मी खाली पायऱ्यांचे फोटो काढत होतो. झाडाच्या पानांमधून पडणाऱ्या उन्हातही हेच होतं.

कवडसा आणि तिरीप यांत लोक गल्लत करतात म्हणून सांगतो. तिरीप म्हणजे तिरकी येणारी उन्हाची रेघ, कवडसा म्हणजे ती जिथे पडते तो तुकडा. चौथी सीट यांनी ‘बोटांवर तिरीप’ म्हटलं ते चालतं, पण बोटांवर थांबला तो कवडसा.

चौथी सीट

दुरुस्ती मान्य. जाळीतून आलेले म्हणजे कवडसे, अनेकवचनी.

शिवाजी पार्क कट्टा

उन्हावरून आठवलं, ‘शून्य सावली’ हा नवा शब्दही मस्त रुळलाय. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. दुपारी साडेबाराच्या जरा पुढे खांबाची सावली खांबाच्याच पायाखाली. जुलैत ढगांमुळे दिसण्याची मारामार, मेमध्ये मात्र छान. एरवी दुपारचं ऊन फोटोला वाईट म्हणतात, हा एक दिवस सोडून.

शाईपेन

मग ‘छायाचित्र’ या शब्दालाही न्याय देऊ. काही जण म्हणतात की मूळ शब्द प्रकाशाचा, म्हणून मराठीत ‘प्रकाशचित्र’ हवं, छाया कुठून आणली? ‘फोटोग्राफी’ हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शलने १८३९मध्ये वापरला तो ग्रीकमधल्या प्रकाश आणि लेखन यांवरूनच. पण त्याच वर्षी टॅल्बटने, म्हणजे कागदावर फोटो उमटवणाऱ्या पहिल्या इंग्रजांपैकी एकाने, आपल्या निबंधात या कलेला ‘सावली पक्की करण्याची कला’ म्हटलं होतं. तेव्हा छायाचित्र ही चूक नाही, ती दुसरी शाखा आहे.

याच टॅल्बटची सगळ्यात जुनी उरलेली निगेटिव्ह ऑगस्ट १८३५ची. विषय काय? त्याच्या स्वतःच्या घरातली खिडकी! टपाल तिकिटाच्या आसपासचा कागद, आणि त्याने नोंदवून ठेवलंय की ती नवी असताना भिंगाने पाहिलं तर तावदानाच्या साधारण २०० काचा मोजता यायच्या. त्याच्याही आधीचा, १८२६-२७च्या सुमाराचा फ्रान्समधल्या निएप्सचा फोटोही घराच्या खिडकीतून दिसणारी छपरं. दोघांनाही फोटो घरातच ‘दिसला’. वाडीच्या अटीला याहून मोठा आधार नको.

खोली नं. १७

मुंबईही मागे नव्हती. इथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. ते स्वतः डॉक्टर आणि फोटोग्राफर. तेव्हा ते ‘फोटो’ला घरात काय म्हणत असतील, याचीच मला जास्त उत्सुकता आहे. तसबीर?

घाटावरचा

तसबीर म्हटलं की मला चौकट, काच आणि हार दिसतो. स्पर्धेला नको.

शाईपेन

माझी कुरकुर मी मागे घेतो, अर्धी. ‘टिपलेला क्षण’ शिळा आहे तो ‘क्षण’मुळे. त्याला हाकला. ‘वाडीत टिपलेलं’ एवढंच ठेवा. काय टिपलेलं ते सांगूच नका. दाणा, डोळे, शाई, ज्याला जे आठवेल ते. आणि ‘टिपूस’ही त्याच्या आसपासच ऐकू येतो, ‘पावसाचा टिपूस नाही’. गणपतीत तेवढी तक्रार नसते म्हणा.

वाडीतला

सगळ्यांचे आभार. काल मंडळात ठेवलं : वर मोठ्या अक्षरांत ‘वाडीत टिपलेलं’, खाली बारीक ‘आपल्याच जिन्यात, गॅलरीत, नळावर दिसलेले फोटो’. शाईपेन, तुमचं ‘दिसलेले’ असं आत घुसवलं. निकालाच्या कागदाला ‘निवडलेले’, म्हणजे मेथीवाल्या ताईही आल्या. आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे कळलं.” मग म्हणाल्या, “माझ्या खिडकीत दुपारी चारला ऊन येतं, कोणाला हवं असेल तर दार उघडं आहे.”

एकच अडलंय. बोर्ड रंगवणाऱ्याने ‘टीपलेलं’ लिहून आणलंय. त्याचं म्हणणं, टीपकागदाला दीर्घ तर याला का नाही?

शाईपेन

पुसायला सांगा. ‘टीप’ एकटा असताना शेवटून दुसरं अक्षर म्हणून टी दीर्घ. टीपकागदात तोच शब्द सबंध बसलाय, म्हणून तिथेही दीर्घ. ‘टिपणे’, ‘टिपलेलं’, ‘टिपण’, ‘टिपूस’ सगळीकडे टि ऱ्हस्व. रंग ओला असेल तर टीपकागदानेच टिपून घ्या.