मदत हवी आहे: बोलेरोच्या फॉग लाइटचे स्विच गुडघ्याजवळून वर घ्यायचेत, वायरिंगचं कसं करू?

मंडळी नमस्कार,

गाडी २०१४ ची बोलेरो. खालचं मॉडेल, त्यामुळे कंपनीचे फॉग लाइट नव्हते. तीन वर्षांपूर्वी बाहेरून बसवून घेतले. बंपरवर दोन गोल दिवे, एच-३ बल्बचे, ५५ वॉटचे. त्याच वेळी हौस म्हणून टपावर एक एलईडी बार. दोन्हींचे स्विच बसवणाऱ्याने स्टिअरिंगच्या खाली, उजव्या हाताला, पत्र्याची पट्टी मारून त्यावर दिलेत. तेव्हा मला काही वाटलं नाही.

मी राहतो आजऱ्याला, सासुरवाडी सावंतवाडी. म्हणजे आंबोली घाट पाचवीला पुजलेला. जुलै-ऑगस्टात तिथे धुकं कसं असतं ते जाणाऱ्यालाच ठाऊक. बोनेटच्या पुढे दुधाची पिशवी फोडल्यासारखं. गेल्या रविवारी रात्री उतरताना वळणावर ब्रेकवरून पाय उचलला आणि गुडघा त्या पट्टीला लागला. फॉग बंद. आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "दिवे कशाला घालवलास रे?" मी चाचपडत परत लावले, तर हाताला बारचा स्विच लागला आणि समोर नुसती पांढरी भिंत. माझी उंची सहा फूट, सीट मागे घेऊनही गुडघा तिथेच येतो.

डॅशबोर्डवर दोन रिकामी झाकणं आहेत, तिथे स्विच घ्यायचेत. प्रश्न असे:

सध्याच्या वायरी वीतभर आखूड पडतात. जोड देऊन लांबवल्या तर चालेल का? झाकणाचं भोक छोटं आहे, गरम सोल्डरिंग गनने कापून मोठं केलं तर? आणि आणखी एक, अर्धा तास फॉग चालू राहिले की स्विच हाताला कोमट लागतो. हे नॉर्मल आहे का?

घरचं वायरिंग मी करतो, मल्टीमीटर आहे. गाडीचं कधी केलेलं नाही.

प्रतिसाद १

कोमट लागतो हे नॉर्मल नाही. एक करा: इंजिन बंद ठेवा, पार्किंगचे दिवे लावा आणि फॉगचा स्विच दाबा. बोनेटमधून 'टक' असा आवाज येतो का ते सांगा. मग पुढचं बोलू.

धागाकर्ता

नाही येत. दोनदा बघितलं, मुलाला बोनेटला कान लावून उभं केलं होतं. बारचाही नाही.

आत्ता खालचं पॅनल उघडलं. पार्किंगच्या फ्यूजकडून येणाऱ्या वायरीचं आवरण मध्येच सोललंय, त्याला लाल वायर पिळून वर टेप मारलीय. टेपचा चीक सुटलाय, बोटं काळी झाली. पिळ्याजवळ आवरण तपकिरी पडलंय. ती लाल वायर स्विचला आणि तिथून तशीच पुढे दिव्यांपर्यंत. जाडी घरच्या बेलच्या वायरीएवढी.

प्रतिसाद २

एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिकलला तीस वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्याकडे रिले नाही, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तो 'टक' आवाज तिचाच असतो. दोन दिव्यांचे ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर करंट, आणि तो सगळा पार्किंगच्या फ्यूजमधून, त्या पिळ्यातून आणि गुडघ्याजवळच्या स्विचमधून चाललाय. ती वायर पार्किंगच्या पाच-पाच वॉटच्या बल्बांसाठी दिलेली. तीन वर्षं निभावलं हे तुमचं नशीब. तेव्हा आहे ती वायर लांबवू नका. आणखी लांबी म्हणजे आणखी जोड, आणखी उष्णता, आणि तीही आता डॅशबोर्डच्या आत, जिथे हात पोचत नाही.

रिले बोनेटमध्ये घ्या, बॅटरीच्या जवळ. चार पिनांचा १२ व्होल्टचा, ३० अँपिअरचा पुरतो. पिनांवर नंबर असतात. ३० नंबरला बॅटरीचा प्लस, मध्ये १५ अँपिअरचा निळा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभरात हवा. फ्यूज वायर वाचवायला असतो, बल्ब वाचवायला नाही, त्यामुळे फ्यूजच्या अलीकडची, बॅटरीकडची वायर संरक्षणाविनाच राहते. ८७ वरून दिव्यांना. या दोन्ही वायरी अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या. ८५ आणि ८६ म्हणजे आतली कॉइल. एकीला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीची मायनस, दुसरीला स्विचवरून येणारी वायर. कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, म्हणून स्विचकडे जाणारी वायर पाऊण स्क्वेअरची असली तरी पुष्कळ. मग स्विच डॅशबोर्डवर ठेवा नाहीतर मागच्या सीटवर, दिव्याच्या उजेडात फरक पडत नाही.

स्विचला सप्लाय पार्किंगवरूनच घ्या, पण व्यवस्थित कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, लावून. म्हणजे पार्किंग बंद केलं की फॉगही जातील, विसरून बॅटरी उतरायची नाही.

दिव्यांचा अर्थ कुठे दिलाय तेही बघा. बंपरच्या बोल्टला दिला असेल तर रंग आणि गंज यातून करंट जातोय. चॅसिसवर पत्रा घासून चकचकीत करा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवा, वरून ग्रीस.

पॅनल उघडण्याआधी बॅटरीची मायनस काढा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी बघाल. आणि काम सुरू करण्याआधी जुन्या वायरिंगवर दिव्याच्या पिनांवर किती व्होल्ट मिळतात ते मोजून ठेवा. नंतर तुम्हालाच मजा वाटेल.

प्रतिसाद ३

काकांनी सगळं सांगितलंच. माझी एक भर: दुकानदार पाच पिनांचा रिले गळ्यात मारतो. त्यात मधली पिन ८७ए असते. दिवा चुकून तिला जोडला तर स्विच बंद असताना दिवा चालू आणि चालू केला की बंद. मी दोन दिवस स्विचला शिव्या घालत होतो.

भोक कापू नका. झाकण काढून मापाला घेऊन जा, बोलेरोचे त्याच मापाचे दाबून बसणारे स्विच स्पेअरच्या दुकानात मिळतात. सोल्डरिंग गनने कापलेलं प्लास्टिक मी बघितलंय, उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं.

प्रतिसाद ४

टपावरचा बार आधी उतरवा. स्विच कुठे ठेवायचा हा नंतरचा प्रश्न.

कारण तुम्हीच लिहिलंय, पांढरी भिंत. टपावरचा उजेड तुमच्या डोळ्यांच्या वरून निघतो, धुक्याच्या थेंबांवर आपटतो आणि तुमच्याकडेच परत येतो. फॉग लाइट बंपरवर खाली असतो, कारण त्याचा उजेड रस्त्याला चिकटून, रुंद आणि वरून कापलेला जायला हवा. शिवाय समोरून येणारा एसटीवाला त्या बारने आंधळा झाला तर त्याच्या डावीकडे दरी असते. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. रस्त्यावर असले बार वापरल्याबद्दल पोलीस दंड करतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

प्रतिसाद ५

पिवळे बल्ब टाका हो, पिवळा उजेड धुकं कापतो.

प्रतिसाद ४

कापत बिपत नाही. धुक्याचा थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा असतो, तो पांढरा-पिवळा असा भेदभाव करत नाही. पिवळ्याने डोळ्याला बरं वाटतं म्हणणारे आहेत, त्यांनी लावावा. पण दिव्याची उंची आणि वरून कापलेला झोत यांच्यापुढे रंग किरकोळ. खरं तर वेग वीसवर आणला तर मेणबत्तीसुद्धा चालते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार मिळून काम केलं, सविस्तर लिहितो. शेवटी एक जागा अडलीय.

बार उतरवला. भाच्याने मागितला होता, त्याला ट्रॅक्टरच्या शेडमध्ये लावायला दिला. टपावरची भोकं सिलिकॉनने बुजवली.

जुन्या वायरिंगवर व्होल्ट मोजले. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१, दिव्याच्या पिनांवर १२.२. जवळपास दोन व्होल्ट वाटेतच खर्च. त्यातले पाऊण व्होल्ट एकट्या अर्थमध्ये जात होते. काकांनी म्हटल्याप्रमाणे तो बंपरच्या बोल्टलाच होता, आणि बोल्टच्या खाली रंग तसाच.

रिले बॅटरीच्या बाजूच्या पत्र्यावर बसवला, पिना खालच्या बाजूला ठेवून, म्हणजे पाणी आत साचणार नाही. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो स्विचची वायर बोनेटमधून केबिनमध्ये घ्यायला. नवं भोक पाडायचं नव्हतं. मेन वायरिंग जिथून आत येतं तिथल्या रबरी ग्रोमेटला बाजूने थोडी जागा होती. वायर मऊ, ढकलली की दुमडते. शेवटी सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आतून बाहेर काढली, तिच्या टोकाला वायर टेपने बांधली आणि आतून ओढली. पहिल्या झटक्यात आली. ग्रोमेटच्या बाहेर वायरीला खाली एक झोका ठेवलाय, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, वायरीवरून आत येणार नाही.

झाकणाच्या मापाचा स्विच मिळाला, आत हिरवा दिवा असलेला, तीन पिनांचा. आणि इथेच घोडं अडलं. मायनस जोडली, पार्किंग लावलं, स्विच दाबला आणि फट्. पार्किंगचा फ्यूज गेला. दुसरा टाकला, तोही गेला. स्विच न दाबता पार्किंग ठीक चालतं. रिलेकडची वायर काढून बघितली तरी दाबल्यावर फ्यूज जातोच. म्हणजे शॉर्ट स्विचमध्येच आहे का? स्विच नवा कोरा आहे, दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

प्रतिसाद ३

स्विच चांगला आहे, पिना चुकल्यात. तीन पिनांत एक सप्लायची, एक दिव्याकडे जाणारी आणि एक अर्थ. अर्थ फक्त त्या हिरव्या दिव्यासाठी असते. तुम्ही अर्थ आणि दिव्याकडची पिन उलट लावलीत, म्हणून दाबला की सप्लाय थेट अर्थला. नीट बघा, एक पिन पितळी रंगाची आणि दोन पांढऱ्या आहेत का? बऱ्याच स्विचवर पितळी ती अर्थ. पण रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टीमीटर बीपवर ठेवून बघा. स्विच दाबल्यावर ज्या दोन पिनांत बीप येतो, त्या सप्लाय आणि दिवा. उरलेली अर्थ.

त्या दोनांतही उलटापालट झाली तर फ्यूज जाणार नाही, फक्त हिरवा दिवा स्विच बंद असतानाही जळत राहील. मग अदलाबदल करा.

प्रतिसाद २

बरोबर. आणि फ्यूज गेला म्हणून मोठा टाकून बघायचा मोह आवरा. डेपोत असं करणारे एक-दोघं होते, त्यांच्यामुळे मला सबंध हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा अख्खा जुडगा, बदलायची वेळ आली होती.

धागाकर्ता

पितळी पिनच अर्थ निघाली. मी तिच्यावर रिलेची वायर दिली होती, शेजारी शेजारी होत्या म्हणून. बदललं, दाबला, बोनेटमधून टक! मुलगा तिकडून ओरडला, "आला आवाज."

दिव्याच्या पिनांवर आता १३.७ व्होल्ट. आकडा बघून फार वाटलं नव्हतं, पण रात्री भिंतीसमोर गाडी उभी केली तेव्हा फरक दिसला. हिशेब शोधला तर व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड जवळपास एक तृतीयांश पडतो. म्हणजे तीन वर्षं दोन दिव्यांचे पैसे देऊन सव्वा दिवा वापरत होतो. स्विच तासाभरानेही गार आहे.

काल रात्री आंबोलीतून आलो. धुकं तेवढंच होतं, पण उजेड खाली रस्त्यावर पडत होता आणि कडेचा कठडा दिसत होता. गुडघा पूर्वीच्या जागी एकदा आपटला, आता तिथे काही नाही. पत्र्याची पट्टी काढल्यावर दोन भोकं राहिलीत, त्यांना रबरी बूच बसवलं.

एकच शेवटचं विचारतो. स्विचमधला तो हिरवा दिवा घाटात अंधारात फार टोचतो, समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. त्याचा अर्थच काढून टाकला तर फॉगला काही होणार नाही ना?

प्रतिसाद २

काही होणार नाही, फक्त हिरवा दिवा जाईल. पण तो गेला की फॉग चालू आहेत हे धुकं संपल्यावर तुमच्या लक्षात राहायचं नाही, आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जाईल. अर्थ राहू दे. काळ्या टेपचा छोटा तुकडा सुईने टोचून वर चिकटवा.